पारूचं काम

कोरोनाचं वर्ष सोडलं, तर देवखारच्या कोळीवाड्यात चैत्रातल्या पालखीला नाटक झालं नाही असं कधी घडलं नव्हतं. त्यामुळे पालखीला वीस दिवस उरले असताना पनवेलच्या नटीचा फोन आला, की तिला मालिकेत काम मिळालंय आणि ती काही येत नाही, तेव्हा देवीच्या मंडपात बसलेल्या माणसांचे चेहरे पार उतरले.

नाटक दिनानाथ गुरुजींनी लिहिलं होतं. गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण गावाला शिकवायची खोड गेली नव्हती. दर वर्षी नवं नाटक. एकदा दारूवर, एकदा हुंड्यावर, एकदा तर बारीक जाळीने पिल्लं मारणाऱ्या नाखवांवर, आणि त्या वर्षी पहिल्या रांगेतले तीन नाखवा मध्यंतरातच उठून गेले होते. यंदाच्या नाटकाचं नाव ‘पारूची पाटी’. नवरा तुफानात गेलेली, पदरात दोन पोरं असलेली आणि मासळी विकून घर उभं करणारी पारू. गुरुजींची आई अशीच होती. गुरुजी ते कधी बोलून दाखवत नसत, पण गावात ठाऊक नाही असा माणूस नव्हता.

“गावातलीच एखादी बाई घ्या की,” कोणीतरी म्हणालं.

“विचारून आलो,” गुरुजी म्हणाले. “चंद्राबाई म्हणाली, आमी संध्याकाळी तिथं पाठांतर करीत बसलो, तर तुमच्या नटांच्या ताटात काय वाढायचं? कागद?”

मंडप हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला तो केतन. अडतीस वर्षांचा, स्वतःची होडी असलेला, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी आणि दर वर्षीचा ठरलेला नायक. मिशी पिळत तो म्हणाला, “गुरुजी, एवढं डोकं धरून बसायला काय झालं? पाटी डोक्यावर घ्यायची, बाजारात जाऊन बसायचं नि ओरडायचं. त्यात काय हाय? कोनपन करील.”

गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला.

“कोणीपण?”

“कोनपन.”

“मग तूच कर.”

केतन हसतच राहिला, पण बाकीचे हसायचे थांबले होते. ते त्याच्याकडे बघत होते. नीट बघावं तसं, खालून वर. त्याच्या शेजारी बसलेला सोसायटीचा चेअरमन रंगू तांडेल म्हणाला, “उंचीला जरा जास्त हाय. पण बसून राहिला तर चालंल.” आणि असं ते ठरून गेलं.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा त्याची बायको पूर्वी भाकरी थापत होती. ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली, आणि करपल्याचा वास आला तरी तिला थांबता येईना.

“आनि मिशी?” तिने डोळे पुसत विचारलं.

मिशीचा विचार केतनने केलाच नव्हता. त्याचा हात आपोआप वर गेला.

“ते बघू,” तो म्हणाला. “तू मला जरा शिकव. चालायचं कसं, बसायचं कसं.”

“मला कुठं येळ हाय? शिकायचं असंल तर बाजारात या.”

पण बाजारात जायची गरज केतनला वाटली नाही. लहानपणापासून त्याने आईला पाटी घेऊन जाताना पाहिलं होतं, लग्न झाल्यापासून बायकोला पाहत होता. पहाटे होडी लागायची, मासळी उतरायची, बायका निवडून पाट्या भरायच्या आणि सहाच्या टेंपोने साखरोण्याच्या बाजाराला निघायच्या. मग केतन झोपायचा. उठायचा तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि दुपार टळल्यावर पूर्वी रिकामी पाटी घेऊन परत यायची. दमल्यासारखी दिसायची खरी, पण केतनला वाटे, दिवसभर बसून माणूस दमतो तरी कसा?

पहिल्या तालमीला पाटीत वाळू भरली होती. केतनने चुंबळ ठेवली, दोघांनी पाटी उचलून त्याच्या डोक्यावर दिली आणि तो चार पावलं चालला. पाचव्या पावलाला वाळू रंगू तांडेलाच्या चहाच्या कपात होती. दुसऱ्या दिवशी त्याने पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, तेव्हा गुरुजी म्हणाले, “केतन, ती पाटी आहे. क्रिकेटचा कप जिंकून आणल्यासारखा चालू नकोस.” आणि ओरडायचं तर विचारूच नका. भर वादळात पलीकडच्या होडीला ऐकू जाईल असा त्याचा आवाज, पण “घ्या हो बांगडं, ताजं बांगडं” म्हणताना तो असा निघे, की जणू गिऱ्हाइकाला दम देतोय.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी वही मिटली. “उद्यापासून आठ दिवस तालीम नाही. तू पूर्वीबरोबर बाजारात जा. तिथून आलास की पुढचं बघू.”

“अवो गुरुजी, मी सेक्रेटरी हाय सोसायटीचा. लोक काय म्हनतील?”

“म्हणतील, सेक्रेटरी पहिल्यांदाच बाजार बघायला आला.”

सहाच्या टेंपोत अकरा बायका, अकरा पाट्या, बर्फाच्या दोन पेट्या आणि केतन. पहिली दहा मिनिटं कोणी तोंड उघडलं नाही. एरवी कोळीवाड्याच्या टोकापर्यंत ऐकू येणारा गलका त्या दिवशी गायब. मग चंद्राबाईने, सत्तरीला टेकलेल्या आणि टेंपोतल्या सगळ्यांत जुन्या बाईने, आपलं मोडकं स्टूल पुढे सरकवलं. “बस रं बाबा. कंबर मोडंल. नव्या सुनंला आमी पहिल्या दिवशी उभं ठेवीत न्हाय.” आणि टेंपोचं छत उडेल असा हशा झाला. साखरोणे येईपर्यंत केतनला तीन नावं पडली होती.

सोसायटीचा मासळीचा ओटा साखरोण्याच्या एसटी थांब्यामागे होता. वर पत्रा, खाली सिमेंट. पूर्वीने पाटी उतरवली, बर्फाचं पाणी शिंपडलं आणि बांगडे मांडायला घेतले. केतनने हात लावताच तिने त्याच्या हातावर चापट मारली. “तोंडं एका बाजूला. डोळं गिऱ्हाइकाकडं. मासा गिऱ्हाइकाला बघतोय असं वाटलं पायजे.”

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मोहल्ल्यातल्या जहुराखाला, सगळ्या बाजाराच्या मावशी. पांढरी ओढणी, हातात कापडी पिशवी आणि नाकावर सरकलेला चष्मा. मुलगा मुझम्मिल कतारला, घरी सून आणि नातवंडं. त्यांनी केतनकडे पाहिलं, मग पूर्वीकडे.

“ह्ये कोन?”

“माजं मालक. शिकाया आल्यात.”

“असं? मग शिकव त्याला,” म्हणत खालांनी एका बांगड्याचा कल्ला उचलला आणि नाक मुरडलं. “तौबा! ह्यो बांगडा हाय का त्याची सावली?”

केतनला राग आला. तो बांगडा त्याने स्वतः पहाटे जाळ्यातून काढला होता. “घ्यायचा तर घ्या, न्हायतर ठेवा,” तो म्हणाला.

खालांनी शांतपणे बांगडा खाली ठेवला, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. पूर्वीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर तसं तिने एकदाच पाहिलं होतं. मग तिने हाक मारली. हाक मासळीची नव्हतीच. “खाला, मुआजची कावीळ उतरली का वो?”

खाला थांबल्या. वळल्या. नातवाची कावीळ, त्याचं न जेवणं, डॉक्टरने काय खायला सांगितलं आणि काय नाही, हे सगळं सांगता सांगता त्या परत ओट्यापाशी आल्या. पूर्वी ऐकत होती, मान हलवत होती आणि हात बांगडे साफ करत होते. “तेलातलं नका देऊ त्याला. नुसत्या हळदीमिठाच्या पान्यात उकडा. काटा मी काढून देते.” पाच मिनिटांनी खाला सहा बांगडे घेऊन गेल्या. भाव झाला कधी, केतनला कळलंही नाही.

“बघितलंत?” पूर्वी म्हणाली. “त्या नाक मुरडतात ती रीत हाय. त्यांनी न्हाय मुरडलं तर मला काळजी वाटंल.”

केतन बघत राहिला. साडेनऊपर्यंत त्याला कळलं, की कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि तिला मुशी लागते, कोणाच्या सासऱ्याला काटा चालत नाही, कोणाची पोरगी दहावीला आहे, हे सगळं पूर्वीच्या डोक्यात आहे. तो कधी पाण्याचा रंग बघून मासळी कुठे असेल ते सांगायचा आणि लोक वाखाणायचे. ही तर नुसती चप्पल बघून माणूस काय घेणार ते सांगत होती.

ऊन चढलं. पत्रा तापला. केतनने एक बाटली पाणी संपवलं, मग दुसरी, मग कोकमाचं सरबत. अकराच्या सुमाराला त्याला जाऊन येणं भाग पडलं. एसटी थांब्याच्या संडासाला कुलूप होतं आणि कुलपावर गंज. शेवटी तो गोदामाच्या भिंतीमागे गेला, जसे सगळे पुरुष जात होते, आणि परत आला. परत आल्यावर त्याने बाटली पूर्वीपुढे धरली. तिने दोन बोटं भिजवली, ओठांना लावली आणि बाटली परत दिली.

“पी की. सकाळपासून घोटभर घेतलं न्हायस.”

पूर्वी बांगडे मांडत राहिली. चंद्राबाई बोलली, हातातली कोलंबी सोलत, मान वर न करता. “पानी पिऊन जाऊ कुठं?”

केतनला आधी समजलंच नाही. मग त्याने ओट्यावर नजर फिरवली. अकरा बायका. अकरा पाट्यांजवळ कोलंबी, बोंबील, मांदेली, विळ्या, पिशव्या. पाण्याची बाटली एकीजवळही नव्हती.

“म्हंजे दुपारपर्यंत…?”

“दुपारपर्यंत कसलं? घरी जाईपर्यंत. चाळीस वर्सं झाली मला. दोनदा मुतखडा झाला. ही तुजी बायको दर उन्हाळ्यात तापानं फणफणते, ती उगीच?” चंद्राबाईने कोलंबीचं डोकं मोडलं. “सोसायटीत अर्ज केलाय ना. दोन खोल्या नि एक नळ. तीनदा केलाय.”

केतनला तो अर्ज डोळ्यांपुढे दिसला. वहीच्या फाटक्या पानावर, निळ्या शाईत, खाली सह्या आणि अंगठे. तिन्ही वेळा तो त्याच्याच हातात आला होता. तिन्ही वेळा त्याने “पुढच्या सभेत बघू” म्हणून घडी करून फायलीत सारला होता. डिझेलचा कोटा, बर्फाचा कारखाना, इंजिनाची सबसिडी, एवढे मोठाले विषय असताना दोन खोल्या आणि एक नळ. खालची एक सही पूर्वीची होती आणि त्याने ती वाचलीही होती.

परतीच्या टेंपोत बायकांनी त्याला खूप चिडवलं. तो हसला, पण मनापासून नाही. घरी पोचल्यावर पूर्वी माठाशी गेली आणि एकामागून एक तीन तांबे पाणी प्याली. हे ती रोज करत असणार. तो तेव्हा झोपेतून उठून डोळे चोळत असायचा.

दुसऱ्या दिवशी केतन पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. आता तो पाणी पीत नव्हता. मुद्दाम ठरवलं होतं असंही नाही, पण त्या अकरा जणींत बसून बाटली तोंडाला लावायला त्याचा हात धजेना. दुपारी डोकं ठणकायचं. रिकाम्या वेळात चंद्राबाई त्याला ओट्यामागच्या बोळात पाटी घेऊन चालवायची. “मान आवळू नको. कंबर सैल सोड. नजर धा पावलं फुडं ठेव, पायाकडं बघशील तर पडशील.” सहाव्या दिवशी तो भरल्या पाटीने बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत आला, हात न लावता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सातव्या दिवशी जहुराखालांनी त्याच्याकडून मांदेली घेतली. घेण्यापूर्वी पुरेपूर नाक मुरडलं आणि जाताना म्हणाल्या, “तुजा नवरा सुधारला गो.” बक्षीस मिळाल्यासारखं केतनला वाटलं. त्याने लगेच खालांना नाटकाचं आमंत्रण दिलं.

त्याच संध्याकाळी तो रंगू तांडेलाकडे गेला. “तात्या, तो बायकांचा अर्ज हाय ना, बाजारातल्या नळाचा. या सभेत घेऊया का?”

रंगू तांडेल ओटीवर चार माणसांत बसला होता. त्याने केतनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आरं, नाटकात बाई झालास तेवढं पुरं. आता सोसायटीत पन लुगडं नेसून येनार काय?”

चौघंही खदाखदा हसले. आणि केतनही हसला. त्यांच्याबरोबर, त्यांच्याइतकाच. घरी येताना त्याला स्वतःचंच ते हसणं आठवत राहिलं आणि जेवणात लक्ष लागेना. पूर्वीने विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “काय न्हाय.” असं खोटं तो तिच्याशी क्वचित बोलायचा.

पालखीच्या दिवशी मिशी गेली. न्हाव्याने दोनदा विचारलं, “नक्की ना?” केतनने डोळे मिटूनच मान हलवली. दुपारी त्याच्या होडीवरचे खलाशी घरी आले, त्यांनी दारातूनच विचारलं, “नाखवा हायत का घरात?” आणि समोर कोण उभं आहे ते कळल्यावर पळून गेले. पूर्वीने आपलं हिरवं लुगडं काढलं, त्याला नेसवलं, काष्टा घट्ट बांधला, केसांच्या टोपावर अबोलीचा गजरा माळला. मग जरा लांब उभी राहून बघितलं.

“कशी दिसते?” केतनने विचारलं.

“तुमच्या आईसारखी,” पूर्वी म्हणाली, आणि पुढे होऊन तिने गजरा पुन्हा सारखा केला.

दिवेलागणीला पालखी देवळात परतली आणि नाटकाची घंटा झाली. मंडपासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, पुढे खुर्च्या. मोहल्ल्यातली बरीच मंडळी आली होती आणि जहुराखाला पहिल्या रांगेत, रंगू तांडेलापासून दोन खुर्च्या सोडून, सुनेला घेऊन बसल्या होत्या. मुआज मांडीवर.

पडदा उघडला. पारू पाटी घेऊन आली. हात न लावता, कंबर सैल, नजर दहा पावलं पुढे. हसायला म्हणून तयार होऊन आलेली माणसं पहिल्या मिनिटाला हसली आणि मग हसायचं विसरली. पहिला अंक छान झाला. नवऱ्याची होडी परत येत नाही त्या प्रवेशात तर चंद्राबाईने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या अंकात बाजार. पारू ओट्यावर बसते, गिऱ्हाईक येतं, घासाघीस होते. गिऱ्हाइकाचं काम पियूषकडे होतं. पियूष मांडव्याला बोटीच्या तिकीट खिडकीवर नोकरीला. रोज हजार माणसांशी खिडकीतून बोलणारा, म्हणून गुरुजींनी त्याला घेतलं होतं. पण खिडकीतून बोलणं वेगळं आणि खिडकीशिवाय बोलणं वेगळं. पियूष पिशवी हलवत आला, समोरचा जनसागर बघितला आणि उभ्या जागी खांब झाला.

“काय पायजे दादा?” पारूने विचारलं.

पियूषचे ओठ हलले. आवाज नाही.

“बांगडं देऊ?”

विंगेतून गुरुजी वाक्य सांगत होते. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, पण पियूषला गेलं नाही. लोकांत चुळबुळ सुरू झाली. मागून कोणीतरी शिट्टी मारली. केतनच्या पाठीवरून घामाची धार निघाली. एवढे दिवस केलेलं आता वाया जातंय असं त्याला वाटलं.

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. “काय गो पारू! बांगडा कसा दिलास?”

जहुराखाला उभ्या राहिल्या होत्या. नातू सुनेकडे देऊन, पिशवी काखेत घेऊन त्या थेट रंगमंचाच्या कडेला आल्या. केतनच्या जिवात जीव आला. समोर ओळखीचं गिऱ्हाईक होतं.

“या खाला! सकाळधरनं वाट बघते तुमची. हात लावून बघा, अजून उड्या मारतोय.”

खालांनी नकली बांगडा उचलला, चष्म्यातून पाहिला आणि नाक मुरडलं. “तौबा! उड्या मारत असंल तो परवा.”

मंडप कोसळला. बायकांच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला. “सोडू नको, पारू!” “खाला, कमी करून घ्या!” केतनने हात नाचवले, शपथा घेतल्या, मुआजची विचारपूस केली, खालांच्या सुनेला गिऱ्हाईक म्हणून ओढलं, “न्हाय परवडत” म्हणून बांगडे झाकून ठेवले आणि खाला दोन पावलं जाताच “अवो खाला!” अशी हाक घातली, की पूर्वीने तोंडावर हात ठेवला. ती हाक तिचीच होती, जशीच्या तशी. पियूष हळूच विंगेत सरकला. गुरुजींनी तर वही कधीच खाली ठेवली होती.

शेवटी भाव जमला. खालांना आता नाटकाचा चांगलाच रंग चढला होता. त्या म्हणाल्या, “किती घामाघूम झालीस गो. घे, पानी पी,” आणि पिशवीतली बाटली काढून पुढे केली.

केतनने बाटली घेतली. दिव्यांनी घसा खरोखरच कोरडा पडला होता. त्याने दोन बोटं भिजवली, ओठांना लावली आणि बाटली परत दिली.

बायकांची बाजू एकदम गप्प झाली.

“आगो, पी ना घटाघटा,” खाला म्हणाल्या.

“नको खाला,” पारू म्हणाली. “पानी पिऊन जाऊ कुठं?”

आधी चंद्राबाईचं हसू ऐकू आलं, मग सगळ्या बायकांचं. तसं हसू केतनने आजवर ऐकलं नव्हतं. त्यात डोळ्यांतलं पाणीही होतं. पुरुषांना कळेना काय झालं. ते इकडे तिकडे बघू लागले, आपापल्या बायकोला खुणेने विचारू लागले आणि ज्याला कळलं तो मान खाली घालू लागला. रंगू तांडेलाच्या मागेच त्याची सून बसली होती. तिने पुढे वाकून सासऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. रंगू तांडेल खुर्चीत सरळ झाला.

खालांनी विचारलं, “मग सोसायटीला सांगत का न्हाय?”

“सांगितलं की! तीनदा अर्ज केला. सेक्रेटरी म्हनतो, फुडच्या सभंत बघू.”

“असा कसा सेक्रेटरी? कोन हाय तो?”

सगळं गाव ओळखून होतं सेक्रेटरी कोण ते. श्वास रोखून लोक बघत राहिले. केतनने गालाला हात लावला, पदर सारखा केला आणि मोठा उसासा टाकला.

“काय सांगू खाला? आमच्याच घरातला हाय मेला!”

मग जो गदारोळ झाला त्यात पुढची दोन वाक्यं कोणाला ऐकू आली नाहीत. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. पूर्वी हसत होती आणि रडत होती आणि शेजारणीच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. आणि रंगू तांडेल, जो हसणार नाही असं केतनला वाटलं होतं, तो पोट धरून हसत होता.

चौथ्या दिवशी सोसायटीची सभा झाली. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. केतनने अर्ज वाचून दाखवला, सह्यांसकट, एकेक नाव. रंगू तांडेल म्हणाला, “मंजूर,” आणि मग जरा थांबून, “मागं तू इचारलंस तवा मीच अडवलं होतं, ते पन लिवून ठेव.”

काम काही लगेच झालं नाही. ओट्यामागे जागाच अपुरी निघाली. मग जहुराखालांच्या दिराने गोदामाकडची आपली जागेची पट्टी दिली. सिमेंट आलं तोवर पाऊस लागला. श्रावणात चौकटी बसल्या आणि नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या त्या आठवड्यात, नळाला पाणी आलं. उद्घाटन कोणी केलं नाही. चंद्राबाई सरळ आत गेली, कडी घातली आणि दहा मिनिटं बाहेर आली नाही. बायका दार ठोठावू लागल्या तेव्हा आतून आवाज आला, “थांबा गो! चाळीस वर्सांचं हाय!”

दिवाळी झाल्यावर गुरुजींनी पुढच्या वर्षीचं नाटक वाचलं. यंदा एक तांडेल होता, वादळात होडी किनाऱ्याला आणणारा. केतनची मिशी पुन्हा आली होती आणि तो वाचन ऐकताना पुढे सरकून बसला होता. वाचन संपलं तसा मंडपाच्या दारातून पूर्वीचा आवाज आला. या वेळी तालीम साडेआठला, जेवणं उरकल्यावर ठेवली होती, म्हणून पाच-सहा जणी आल्या होत्या.

“गुरुजी, तांडेलाचं काम मी करीन.”

सगळे तिच्याकडे वळले. केतन म्हणाला, “तुला होडीवरचं काय कळतंय?”

“म्हनून तर शिकाया येनार. आठ दिवस.”

होडीवर बाई? रंगू तांडेलाने घसा खाकरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग दारातल्या सुनेकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. गुरुजी चष्मा पुसू लागले.

सोमवारी मध्यरात्री, ओहोटी लागताना, केतनने होडीवरून हात पुढे केला. पूर्वीने तो धरला नाही. काष्टा खोवून तिने काठाला हात टेकला आणि एका ढांगेत आत आली. खलाशी कुठे बघावं ते न सुचून दोरखंडाकडे बघत होते. इंजिन सुरू झालं. धक्का मागे पडला आणि चांदण्यात देवळाचा कळस लहान होत गेला. पूर्वी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, जाऊन बसली होती, वारा तोंडावर घेत.

अर्ध्या तासाने ती मागे आली. “अवो, किनारा सोडल्यापासून तुमचा हा तिसरा चहा,” ती म्हणाली. “जाळं कधी टाकता?”

खलाशी फिस्सकन हसले. केतनने कप खाली ठेवला, सुकाणूवरून जरा बाजूला झाला आणि तिला जागा करून दिली.

“ये. आधी हे धर,” तो म्हणाला. “आवळू नको. सैल धर.”

तिने सुकाणू धरलं. होडी जराशी वाकडी झाली, मग सरळ चालू लागली.